नंबर सेहेचाळीसच्या सपाता

५ सप्टेंबर २००२, गुरुवार

दैनंदिनी लिहिणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. स्वतःशीच बोलायचं आणि वर ते जपूनही ठेवायचं, म्हणजे फारच झालं. पण आज हीनेक जे बोलला ते कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि घरी येऊन बूट काढताना लक्षात आलं की सांगण्यासारखं कुणी नाही. म्हणून ही वही.

हीनेक आमचा प्रकाशक. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, केस बांधतो, कॉमिक्सचं दुकान चालवतो. आमचं कॉमिक्सचं मासिक (नावालाच मासिक, निघतं दोन-अडीच महिन्यांनी) 'पेरिस्कोप' काढणारा पहिला प्रकाशक बुडाला तेव्हा यानं ते उचललं, त्याबद्दल त्याला सगळं माफ. आज तो नेहमीसारखा खिडकीखालच्या हीटरवर बसला आणि म्हणाला, "ओता, असं चालायचं नाही आता. फ्रान्सवाले फिल्म पाठवायच्या बंद करणार. सगळं डिस्कवर येणार. छापखानाही हातानं भरलेली अक्षरं घेणार नाही म्हणतो. वसंतातल्या अंकापासून कॉम्प्युटर, नाहीतर अंक बंद."

"आणि व्लास्ताबाई?"

"तेच तर. त्यांना तू सांग."

"मी का?"

"त्या माझं ऐकत नाहीत आणि तुझ्यावर रागवत नाहीत. सोपं आहे."

व्लास्ताबाई संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहितात. फ्रेंच, अमेरिकन, बेल्जियन, अर्जेंटिनाचं, जे काही कॉमिक्स येतं त्याचा मी चेक अनुवाद करतो, आणि बाई पारदर्शक फिल्म चित्रावर ठेवून शाईच्या पेननं एकेक फुगा भरतात. पहिल्या अंकापासून. आमच्या वाचकांनी अंतराळवीर, खुनी, गुप्तहेर, सगळे याच एका बाईच्या अक्षरात वाचलेत.

मासिक बंद पडलं तर मी काय करणार? अठ्ठावन्न वय. एलिश्का घटस्फोट घेऊन गेली तेव्हा शहरात घोड्यांच्या ट्राम होत्या असं मला हल्ली वाटतं, इतकं जुनं झालंय ते. मूलबाळ नाही. सकाळी उठून ट्रामनं ऑफिसात येतो म्हणून मी माणसात आहे. ते गेलं तर बोहुनित्सेतल्या माझ्या आठव्या मजल्यावरच्या घरात भिंतींशी बोलत बसेन. मासिक वाचलं पाहिजे, बाकी काही असो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

बाई दर गुरुवारी येतात, शहराच्या टोकाच्या लीशेन्यहून दोन ट्राम बदलून, काखेत पुठ्ठ्याची मोठी फाईल. आज सांगायचंच असं ठरवून बसलो होतो. त्या आल्या, दारात बूट काढले, कोपऱ्यात ठेवलेल्या आपल्या सपाता घातल्या, आणि माझ्या पायांकडे बघून हसल्या.

"संपादकसाहेब, तुमचा अंगठा हवा खायला बाहेर आलाय."

ऑफिसातल्या माझ्या सपाता फाटल्यात, हे खरं. "मिळत नाहीत माझ्या मापाच्या," मी म्हटलं. "सेहेचाळीस. दुकानदार म्हणतो, होडीवाल्याकडे जा."

"बघते हं," त्या म्हणाल्या. काय बघणार होत्या कोण जाणे.

मग पानं तपासली. फ्रेंच मालिका आहे, चंद्रावरच्या खाणीच्या गावाची. पान सातवर रस्ता, मागे दुकानं, दुकानांवर पाट्या. चित्रातल्या पाट्यांचाही अनुवाद करावा लागतो, पण बारीकसारीक पाट्या मी बाईंवरच सोडतो. मूळ फ्रेंचमध्ये होतं, 'ऑक्सिजन'. बाईंनी लिहिलं होतं, 'पुरुषांच्या सपाता. नंबर ४६ आल्या आहेत.'

"बाई, चंद्रावर सपाता कोण विकतं?"

"तिथे घरं नाहीत का? घरात आल्यावर बूट काढत नाहीत?"

म्हटलं राहू दे, वाचकांना गंमत. बाईंना असे चाळे करायची सवय आहे. एकोणनव्वदच्या क्रांतीआधी वीस वर्षं त्या सरकारी दुकानांच्या काचा सजवायच्या आणि घोषणा लिहायच्या. 'दुसऱ्यांनी सांगितलेल्या पाट्या खूप लिहिल्या, आता माझ्या मनाच्या लिहिते,' असं एकदा म्हणाल्या होत्या. कॉम्प्युटरचं सांगायचं राहून गेलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस चांगला झाला, जंगलात अळंबी उदंड. सगळं ब्रनो रविवारी टोपल्या घेऊन बाहेर पडलं होतं. मीही गेलो. एकट्याला टोपलीभर अळंबीचं काय करायचं हे दरवर्षी घरी आल्यावर आठवतं.

बाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडेही ढीग पडलाय. सूप करायचं म्हटलं तर भांडं मोठं होतं, एकटीला संपत नाही."

"वाळवून ठेवा," मी सांगितलं. "दोऱ्यात ओवून. हिवाळाभर टिकतात."

त्यांनी फाईलची गाठ सोडली. "हो, वाळवता येतील," म्हणाल्या.

आजच्या पानांत खाणकामगारांचा दारूचा गुत्ता आहे. गल्ल्यामागे पाटी: 'इथे तू म्हटलं तरी चालेल. बाईंची परवानगी आहे.' असली पाटी कुठल्या गुत्त्यात असते? खाणकामगार एकमेकांना तू नाहीतर काय म्हणणार? तसं बाईंना सांगितलं. "तुमच्या लक्षात आलं नाही, असू दे," असं म्हणून त्यांनी फाईल बांधली.

आम्ही दोघं दहा वर्षं एकमेकांना 'तुम्ही' म्हणतो. रीतीप्रमाणे 'तू'वर यायचं तर बाईमाणसानं आधी म्हणावं लागतं. बाई कधी म्हणाल्या नाहीत. जुन्या वळणाच्या आहेत, मला ते आवडतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वाचकांची पत्रं हल्ली कमीच येतात, पोरं सगळं इंटरनेटवर बोलतात म्हणे. आज एक आलं, झ्नोयमोहून. कुणी बेद्रिख सोउचेक, धुराडी साफ करणारा, आता निवृत्त, बायको वारलेली. मोठं अक्षर, शाईचे डाग. लिहितो: 'आदरणीय संपादक, मी तुमचे सगळे अंक ठेवले आहेत. आधी पाट्या वाचतो, मग गोष्ट. पाट्या कोण लिहितं? चंद्रावरच्या त्या सपाता अजून शिल्लक आहेत का? माझा पाय बेचाळीस आहे, पण जाड मोजे घालून बघायची तयारी आहे.'

मला हसूच फुटलं. काय एकेक माणसं असतात! बाई आल्या तेव्हा मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. पत्र हातात घेतलं, पुन्हा स्वतः वाचलं.

"याला उत्तर कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"मला कुठे वेळ आहे? तुमचा चाहता, तुम्हीच द्या. काय सांगू त्याला, चंद्रावरच्या दुकानाचा पत्ता?"

"बरं, मी देते," त्या म्हणाल्या आणि पत्र पर्समध्ये ठेवलं. कॉम्प्युटरचा विषय आजही निघाला नाही, कारण वातावरण इतकं छान होतं की ते बिघडवावंसं वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दशकपूर्तीचा अंक. हीनेकच्या सांगण्यावरून 'पेरिस्कोप'चा इतिहास लिहिला. तीन पानं, मन लावून. लहानपणी बाहेरचं कॉमिक्स म्हणून एकच बघायला मिळायचं, फ्रेंच कम्युनिस्टांचं पोरांचं साप्ताहिक. ते तेवढं आमच्या सेन्सॉरला चालायचं. तंबाखूच्या दुकानात महिन्यातून कधीतरी एखादा अंक यायचा, त्यासाठी मी पहाटे रांगेत उभा राहायचो आणि त्यातूनच शब्दकोश घेऊन फ्रेंच शिकलो. त्या अंकातल्या गोष्टीचा पुढचा भाग पुढच्या अंकात असायचा आणि पुढचा अंक कधी यायचाच नाही. पुढे पंप बनवणाऱ्या कारखान्यात माहितीपुस्तकांचे अनुवाद करत चौदा वर्षं काढली. मग क्रांती झाली, आणि एकदम सगळं जग आमच्या टेबलावर. पहिला अंक काढला तेव्हा ठरवलं होतं, काही झालं तरी गोष्ट अर्धवट सोडायची नाही. ही शपथ मी आजवर पाळली.

हीनेकनं तिन्ही पानं हीटरवर बसून वाचली. "छान आहे. पण बाई कुठे आहेत यात?"

"आहेत की. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या ओळीत."

"ओता, दहा वर्षं झाली."

"अरे, त्यांना मिरवलेलं आवडत नाही."

"त्यांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं. मग एक वाक्य घातलं: 'आमच्या लेखनिका श्रीमती व्लास्ता यांचे सुवाच्य अक्षर वाचकांना परिचित आहेच.' बाईंनी ते फुग्यासारखंच नीट वाचलं आणि म्हणाल्या, "सुवाच्य. बरं."

५ डिसेंबर, गुरुवार

मिकुलाशची संध्याकाळ. रस्त्यावर दाढीवाले संत, देवदूत आणि साखळ्या वाजवत हिंडणारे सैतान. ट्राममध्ये एक सैतान माझ्या शेजारी बसून सँडविच खात होता. लहान पोरं रडत होती, आईबाप हसत होते. वाईट पोरांना सैतान पोत्यात घालून नेतो म्हणतात; मलाही कुणीतरी तसं न्यावं असं वाटलं, कारण हीनेकनं फोनवर विचारलं होतं, "सांगितलंस का?" आणि मी म्हटलं होतं, "आज नक्की."

बाईंनी अमेरिकन गुप्तहेराची पानं आणली. शिकागोचा रस्ता, मागे थिएटर, थिएटरवर पाटी: 'रविवारचा खेळ. एक खुर्ची रिकामी आहे.'

"मुलगी ओस्ट्रावाला असते," बाई पानं उलगडताना आपल्याशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. "ती हल्ली महिन्यातून एकदाच येते. रविवार मोठा होतो. बदकाची तंगडी भाजायची म्हटलं तर दोन येतात."

"एक सोमवारी खायची," मी सुचवलं.

"सोमवारी गार लागते हो, ओताकार."

बाईंनी मला माझ्या पूर्ण नावानं हाक मारली हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. तिथे मी फक्त कॉम्प्युटरचं वाक्य जुळवत होतो. जुळलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

तेवीसला कॅलेंडरात व्लास्ता या नावाचा दिवस असतो, त्या नावाच्या बायकांना भेट द्यायची रीत आहे, म्हणून आधीच चॉकलेटचा डबा घेऊन ठेवला होता. डबा दिला, शुभेच्छा दिल्या आणि त्याच दमात सगळं सांगून टाकलं. फ्रान्स, डिस्क, छापखाना, वसंत. मूर्खासारखा बोलत सुटलो. डबा त्यांच्या हातात तसाच.

"म्हणजे जानेवारीचा अंक शेवटचा," त्या म्हणाल्या.

"तुमचा. म्हणजे, हाताचा. मासिक राहील."

"मासिक राहील ना? मग झालं. तुम्हाला तेवढंच हवं होतं."

"हो," मी म्हटलं. खरंच हवं होतं.

मग हीनेकनं सुचवलेली युक्ती सांगितली: बाईंनी एका कागदावर सगळी अक्षरं लिहून द्यायची, सगळ्या चिन्हांसकट, आणि हीनेकचा एक मित्र त्यावरून कॉम्प्युटरसाठी अक्षरसंच बनवेल. वाचकांना फरकही कळणार नाही.

"मी नसताना माझं अक्षर."

"तसंच काहीसं."

"भारीच की," त्या म्हणाल्या. बूट घालताना त्यांना लेस सापडत नव्हती. मी वाकून दिली. मला वाटलं होतं त्या रडतील, पण त्या काही रडल्या नाहीत, आणि मला फार हलकं वाटलं. इतकी सोपी गोष्ट मी तीन महिने उगाच लांबवली.

२४ डिसेंबर

नाताळचा कार्प मासा घेतला नाही, एकट्यासाठी अख्खा मासा कोण साफ करणार. डब्यातलं बटाट्याचं सॅलड आणि तळलेलं चिकन. टीव्हीवर परीकथा. शेजाऱ्यांकडे भेटवस्तूंची घंटी वाजली, पोरं नाताळच्या झाडाकडे धावली, भिंतीतून सगळं ऐकू आलं. झोपायच्या आधी चंद्रावरच्या मालिकेचा शेवटचा भाग अनुवाद करायला घेतला.

९ जानेवारी २००३, गुरुवार

बाई शेवटची पानं घेऊन आल्या. सोबत अक्षरांचा कागद. एका ओळीत मोठी अक्षरं, खाली लहान, मग आकडे, मग उद्गारचिन्हं, 'तुम्हाला ती फार लागतात' असं म्हणाल्या.

चंद्रावरची तीच गल्ली पुन्हा आली होती, तेच सपातांचं दुकान. पाटी बदललेली: 'नंबर ४६. जो आधी येईल त्याच्या.'

"अजून खपल्या नाहीत वाटतं?" मी थट्टा केली.

"नाही खपल्या. गिऱ्हाईक काचेसमोरून जातं रोज, आत येत नाही."

"चंद्रावर माणसंच कमी, बाई."

त्या हसल्या, पण पुरतं नाही. दारात थांबल्या. मला वाटलं काहीतरी विसरल्या. "ओताकार, सांभाळून राहा," म्हणाल्या, हात पुढे केला. मी हात मिळवला आणि म्हटलं, "येत जा अधूनमधून!" असं सगळ्यांनाच म्हणतात.

त्यांच्या ऑफिसातल्या सपाता त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या.

६ मार्च, गुरुवार

वसंताचा अंक पूर्ण केला. कॉम्प्युटर मी शिकलो, हीनेक म्हणतो अस्वलाला सायकल शिकवणं सोपं. पण जमतं. मी टाइप करतो आणि पडद्यावर बाईंचं अक्षर उमटतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मागे वळून पाहिलं, त्या आल्या की काय.

आता गुरुवारी कुणी येत नाही. सवयीनं पाणी उकळायला ठेवतो, दोन कप काढतो, एक परत ठेवतो.

आज काम संपल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून गंमत म्हणून लिहिलं: 'संपादकसाहेब, तुमचा अंगठा हवा खायला बाहेर आलाय.' बाईंच्या अक्षरात. बराच वेळ वाचत बसलो. मग पुसून टाकलं. मला बाईंची आठवण येते. झालं, लिहिलं एकदाचं.

२७ मार्च, गुरुवार

अंक निघाला, आणि पत्रं आली! इतकी पत्रं कधी आली नव्हती. कुणाचीही अक्षरांबद्दल तक्रार नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, पाट्या कुठे गेल्या? मी त्या कोऱ्या ठेवल्या होत्या, कारण काय लिहायचं ते सुचेना आणि गोष्टीला त्यांची गरज नव्हती. ओलोमोउत्सचा एक डॉक्टर लिहितो की चंद्र आता निर्मनुष्य वाटतो. एका बाईनं विचारलंय, सपाता कुणी नेल्या ते अजून का सांगितलं नाही? तुम्ही तर कुठलीच गोष्ट अर्धवट सोडत नाही ना?

सोउचेकचं पत्र मात्र आलं नाही. त्याचं येईल असं मला उगाच वाटलं होतं.

१० एप्रिल, गुरुवार

हीनेकला कल्पना सुचली: जुन्या अंकांतल्या बाईंच्या सगळ्या पाट्यांचं एक पान करायचं, वाचकांसाठी. मी कात्री घेऊन बसलो. दहा वर्षांच्या पाट्या. टेबल पुरेना, जमिनीवर मांडल्या. सुरुवातीच्या नुसत्या थट्टेच्या: 'पाव शिळा आहे, ताजा म्हणून विकतो.' 'मंत्री आत झोपले आहेत.' पुढे पुढे सूर बदलतो. 'विधवा. स्वयंपाक चांगला.' 'चहा दोघांचा, कप दोन.' 'रविवारी घरी.' 'हॉटेलची मालकीण चष्मेवाल्यांना सवलत देते.' मग ते गुत्त्यातलं 'तू', रिकामी खुर्ची, सपाता.

मी पान कसं लावायचं याच्या काळजीत होतो. तीन ओळी आल्या की चौथी मावत नव्हती. हीनेक हीटरवरून उठून जमिनीवर उकिडवा बसला. सगळ्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग माझ्या चष्म्याकडे बघितलं.

"ओता, तुझा पाय केवढा आहे रे?"

"सेहेचाळीस. का?"

"काही नाही." तो उठला, सिगारेट शोधायला लागला. "बाईंना भेटलास का मध्ये?"

"कशाला? काम काय काढणार?"

"काम!" तो म्हणाला. "तू ना, ओता, फ्रेंचमधून कसा काय अनुवाद करतोस, मला कळत नाही."

याला माझ्या अनुवादात काय खुपलं कोण जाणे. पण तो गेल्यावर मी पाट्या उचलायच्या सोडून त्यांच्यामध्ये खुर्ची ओढून बसलो. काम म्हणाल तर आहे की. पाट्या तरी बाईंनीच हातानं लिहाव्यात, महिन्याला चार-पाच. विचारायला काय हरकत आहे? येत्या ईस्टर सोमवारी तर कुणीही पुरुष कुणाही बाईच्या दाराची घंटी वाजवू शकतो, आमंत्रण लागत नाही. वाळुंजाच्या फोकांची वेणी घेऊन जायचं, पायांवर खोटे खोटे दोन फटके, कविता म्हणायची, रंगवलेलं अंडं घ्यायचं. त्यातच कामाचं बोलून घेईन.

२१ एप्रिल, ईस्टर सोमवार

सगळं आजच लिहून ठेवतो.

वेणी मी स्वतः विणली, आठ फोकांची, लहानपणी आजोबांनी शिकवल्यासारखी. स्वच्छ शर्ट घातला. सकाळीच निघालो. लीशेन्यच्या ट्राममध्ये पोरांच्या टोळ्या, बाप आधीच झिंगलेले, फितींनी भरलेल्या वेण्या. माझ्या वेणीला एकही फीत नाही. दोन थांबे आधीच उतरलो, म्हटलं चालत जाऊ, काय बोलायचं ते जुळवू. बाईंची गल्ली आली, मी पुढे गेलो. चर्चला वळसा घातला. परत आलो, परत पुढे गेलो. बागेतल्या बाकावर बसून कविता पाठ केली, ही कविता मला चार वर्षांचा असल्यापासून येते. बाराचे टोले पडले ते मी त्या बाकावर बसूनच ऐकले. पुरुषांचा मान बारापर्यंत, नंतर उशिरा आलेल्यावर पाणी ओतायची बायकांची पाळी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी म्हटलं, बाई समजून घेतील.

घंटी वाजवली. आतून फटक फटक असा आवाज आला. दार एका बुटक्या, लालबुंद गालांच्या म्हाताऱ्यानं उघडलं.

"उशीर केलात, राजे!" तो ओरडला. "बारा वाजून गेले!"

"मी हान्झ्लिक. 'पेरिस्कोप'चा."

"संपादक? अरे देवा! व्लास्ता! अगं व्लास्ता, संपादक आलेत! मी सोउचेक, झ्नोयमोचा. तुम्हीच तर माझं पत्र दिलंत ना हिला!" त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

बाई स्वयंपाकघरातून आल्या, गालावर पीठ. "बेद्रिख, त्यांना आत तरी येऊ दे," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "या, या तुम्ही. बूट काढा."

मी बूट काढले. त्यांनी कपाटात शोधून मला सपाता दिल्या, मुलीच्या, गुलाबी, फुलांच्या. माझी अर्धी टाच बाहेर. तेवढ्यात त्या पेला घेऊन आल्या आणि पाणी सरळ माझ्या कॉलरमध्ये ओतलं. "नियम म्हणजे नियम!" सोउचेक इतका हसला की त्याला खोकला आला. मीही हसलो. पाठ भिजली होती.

बदक भाजलेलं होतं. दोन तंगड्या. बाईंनी माझ्यासाठी तिसरं ताट मांडलं, छातीचा भाग वाढला, पिठाचे उकडलेले गोळे, क्नेडलिक, वाढले. स्लिवोवित्सा, आलुबुखाराची दारू, झाली. मी कामाचं काढलं. पाट्या, महिन्याला चार-पाच.

"आता नाही हो जमणार," बाई म्हणाल्या. "रविवारी आम्ही झ्नोयमोला असतो, याची बाग आहे जर्दाळूंची. आणि खरं सांगू? आता लिहावंसं वाटत नाही. लिहायचं होतं ते लिहून झालं."

"अंक बघता तरी?"

"बघते ना. आधी पाट्या. कोऱ्या ठेवता तुम्ही. वाईट दिसतं ते. काहीतरी लिहीत जा."

सोउचेक बाटली आणायला उठला, आणि पुन्हा तो फटक फटक आवाज. मी खाली बघितलं. नव्याकोऱ्या सपाता, करड्या रंगाच्या, आत लोकर. त्याचे पाय त्यांत पोरांनी बापाच्या बुटांत घालावेत तसे. चालताना मागे दोन बोटं जागा राहत होती.

"मोठ्या होतात ना तुम्हाला?" मी विचारलं.

"होतात की! हिवाळ्यात तीन मोजे घालत होतो. पण व्लास्तानं कधीच्या आणून ठेवल्या होत्या, कपाटात पडून होत्या. म्हटलं, बाई, मीच घालतो, सवय होईल."

बाईंनी मान वर केली नाही. त्या माझ्या वेणीला फीत बांधत होत्या. हिरवी, हिरवी म्हणजे आवडत्या, ओळखीच्या माणसाला. एवढीशी फीत, पण गाठ मारायला त्यांना खूप वेळ लागला. मग अंडं दिलं, लाल, त्यावर पांढऱ्या बारीक रेघा.

"येत जा अधूनमधून," त्या म्हणाल्या.

ट्राम रिकामी होती. पूर्ण वाटभर मी माझे बूट बघत बसलो. दहा वर्षं त्या बाई पानापानावर लिहीत होत्या आणि मी शुद्धलेखन तपासत होतो. गाढव. एवढंच लिहितो, आणखी काही लिहवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

हीनेकचा फोन आला, वसंताचा अंक चांगला गेला. पुढचं वर्ष नक्की. "वाचलं की रे आपलं मासिक!" म्हणाला. मी म्हटलं, हो, वाचलं. यासाठीच सगळं केलं होतं.

"गेला होतास का सोमवारी?" त्यानं विचारलं.

"गेलो होतो. उशीर झाला."

तो म्हणाला, जेवायला ये कधीतरी. म्हटलं, येईन.

पाणी उकळलं, एकच कप काढला. अंडं कॉम्प्युटरजवळ ठेवलंय, पेनांच्या डब्यात, म्हणजे घरंगळणार नाही. चंद्रावरच्या मालिकेचा शेवटचा भाग लावत होतो. पान अकरावर तीच गल्ली आहे. खाण बंद झालीय, लोक गाव सोडून चाललेत, मागे दुकानांची रांग. तिसरं दुकान आपलं. पाटी कोरी.

पत्रातल्या त्या वाचक बाईनं विचारलं होतं, सपाता कुणी नेल्या. खरंच, गोष्ट अर्धवट सोडायची नाही असं माझंच म्हणणं. आणि एक माणूस पान उघडून आधी तिथेच बघणार आहे, लीशेन्यमध्ये नाहीतर झ्नोयमोला, जर्दाळूंच्या बागेत.

दुपारभर बसलो. खूप काही लिहिलं आणि पुसलं, काही मावेना, काही छापण्यासारखं नव्हतं. शेवटी तीन शब्द ठेवले. त्यांच्याच अक्षरात उमटले, वळणदार, सुवाच्य:

'नंबर ४६ संपल्या.'

पान छापखान्याकडे पाठवून दिलं. आज ट्रामला गर्दी नव्हती.